चंद्रिकेचा अजपाजप

२४ नोव्हेंबर, सोमवार

डायरी गेल्या वर्षीची आहे. बँकेनं फुकट दिलेली, कोरी पडली होती. छापलेले वार चुकतात, तारखा चुकत नाहीत. वार खोडून लिहिले की झालं. नवी आणायचं काही कारण नाही.

आज चंद्रिकेला सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांकडं नेलं. रोज सकाळी शिंका, नाकाला धार, चोळून चोळून लाल झालेले डोळे, आणि गेला महिनाभर धाप. दहावीचं वर्ष आणि हे. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली आणि दमा म्हणाले. मी म्हटलं, ॲलर्जी म्हणा. आमच्यात दमा कुणालाच नाही, माझ्या माहेरीही नाही. ते म्हणाले, नाव काहीही ठेवा बाई, औषध तेच. दोन पंप लिहून दिले. नारिंगी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. निळा दम लागला की लगेच.

मग त्यांनी विचारलं, झोपते कधी, उठते कधी. हा प्रश्न कुणीतरी शिकलेल्या माणसानं विचारावा म्हणून मी दोन वर्षं वाट बघत होते. सगळं सांगितलं. रात्री एकपर्यंत टक्क जागी, सकाळी उन्हं अंगावर आली तरी गादी सोडत नाही. चंद्रिका भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली. डॉक्टर म्हणाले, हो, असं आढळलंय खरं. ज्या मुलांचा कल रात्री जागायचा आणि उशिरा उठायचा असतो त्यांच्यात दमा, ॲलर्जी जास्त दिसते. पुढं ते ‘पण’ म्हणून आणखी काहीतरी सांगत होते, पण माझी एक चप्पल त्यांच्या टेबलाखाली सरकली होती, ती मी पायानं ओढत होते. मला हवं ते मिळालं होतं.

म्हणजे रोगाचं मूळ, उशिरा उठणं. मूळ उपटलं की फांद्या आपोआप वाळतात. त्याला दोन-दोन पंप कशाला?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ठराव. उद्यापासून चंद्रिकेनं साडेचारला उठायचं. रात्री नऊला आडवं व्हायचं. मोबाईल माझ्या उशीखाली. उठल्यावर आंघोळ, विभूती, माझ्याशेजारी पूजेला बसणं, मग अभ्यास. शिवरात्रीपर्यंत ॲलर्जी बंद. मी नुसती दहावी असले तरी पहिल्या फटक्यात पास झालेली आहे, एवढं नियोजन मला जमतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार, पहाटे

पहिल्याच दिवशी यश. गजर वाजला, दिवा लावला, तर चंद्रिका आधीच उठून बसलेली. पाठीला उशी, हात गुडघ्यांवर टेकलेले. मला वाटलं होतं ओढून काढावी लागेल. विचारलं, कधी उठलीस? म्हणाली, झोपलेच नाही, आडवं झालं की छाती दाटते.

ही मोबाईलची सवय. मोबाईल काढून घेतला तरी माणसाला बसवून ठेवते, इतकी खोल गेलेली.

जमा: एक पहाट.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळ्या पहाटा जमा. शाळेत बाकावर झोपते अशी तक्रार आहे, पण ती शाळेची अडचण.

दुपारी शेजारची गुरम्मा आली. फळीवर पंप पडलेले बघितले आणि तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अगं सिद्धेश्वरी, पंप एकदा तोंडाला लागला की सुटत नाही, माझ्या नणंदेचा पोरगा अक्कलकोटात अजून ओढतोय. पोरगा आहे म्हणून खपलं, पोरगी असती तर? पंपवालीला कोण करून घेईल?

बरोबरच आहे. मी दोन्ही पंप उचलून देव्हाऱ्यात ठेवले, नंदीच्या मागं. देवाजवळ असले की औषधाला गुणही येतो आणि ऊठसूट हात जात नाही. नियम असा: आंघोळ केल्याशिवाय देव्हाऱ्याला शिवायचं नाही, म्हणजे पंपालाही नाही. नारिंगी फक्त सकाळी, तोही एक दिवसाआड.

चंद्रिका म्हणाली, डॉक्टरांनी निळा जवळच ठेवायला सांगितलंय. मी म्हटलं, तुझं लग्न डॉक्टर जमवणार नाहीत.

३ डिसेंबर, बुधवार

पूजा सुरू करताना शिंक आली तर थांबून पहिल्यापासून सुरू करायची, अशी आमच्या घरची पद्धत आहे. आज चंद्रिकेच्या शिंकांमुळं पूजा पहिल्यापासून किती वेळा सुरू झाली ते शिवालाच माहीत. दूध उतू गेलं. बेलपानं पुन्हा धुवून घ्यावी लागली.

हवा शुद्ध नाही, त्याचा हा परिणाम. उद्यापासून धुनी वाढवते. गोवरी, गुग्गुळ, कडुलिंबाचा पाला. खिडकी बंद ठेवून करायची, नाहीतर सगळा गुण शुक्रवार पेठेत वाटला जातो आणि घरात काही उरत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

धुनीनं काम सुरू केलं. चंद्रिका खोकते आहे. साचलेलं बाहेर पडतंय.

७ डिसेंबर, रविवार

यांच्याशी वाद. यांचं चादरी-टॉवेलचं दुकान, दिवसभर अंगावर कापसाची भुरी, त्यामुळं स्वतःही शिंकतात, आणि मला शहाणपण शिकवतात. म्हणाले, पोरीला कशाला उठवलालीस, रात्रभर बसलाली असते, सकाळी जरा डोळा लागलाला असतोय तवाच तू गजर लावतीस. झोपू दे की.

मी डॉक्टरांचं वाक्य ऐकवलं. उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, धुराचं निमित्त करून. ज्याला पटलेलं असतं तो असाच उठून जातो.

१६ डिसेंबर, मंगळवार

आजपासून धनुर्मास. माझ्या आईच्या घरी हा महिना कडक पाळायचे. सूर्य उगवायच्या आत आंघोळ, पूजा, नैवेद्य, आणि पहिल्या उन्हाला गरम खिचडी-तूप. मी ठरवलं की चंद्रिकेचा नेम आता साधा नेम नाही, धनुर्मासाचा नेम. संक्रांतीपर्यंत एक दिवस चुकायचा नाही.

गीझरची कॉइल गेलेली आहे. नवी घालावी लागेल, पण थंड पाण्यानं फुप्फुसं दणकट होतात असं आई म्हणायची. आई एकाहत्तर वर्षं जगली आणि तिला पंप लागला नाही. आज थंडी लई होती. बादलीला हात लावला तर बोटं बधिर. चंद्रिका एक शब्द न बोलता न्हाणीत गेली. पोरगी सुधारते आहे.

हल्ली मितभाषीही झाली आहे. दोन शब्द बोलते, थांबते, पुन्हा दोन शब्द. आधी केवढी बडबड असायची.

१९ डिसेंबर, शुक्रवार, पहाटे

नीट लिहिते.

पूजेला बसलो होतो. धुनी चांगली पेटली होती. माझं नामस्मरण चालू होतं, मध्ये मी श्वास घ्यायला थांबले आणि तरी आवाज थांबला नाही. बारीक, लांब, एकसुरी. जसा सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडून शंख ऐकू यावा तसा. मी इकडंतिकडं बघितलं. कुकर लावलेला नव्हता. शेजारी चंद्रिका बसलेली, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, मान जराशी पुढं. आवाज तिच्यातून येत होता.

मी विचारलं, तू म्हणतेस का? तिनं मान हलवली, नाही.

श्रावणात मठात प्रवचन झालं होतं त्यात महाराजांनी सांगितलं होतं. सगळ्यात वरचा जप तो अजपाजप. माणूस काही करत नाही, ओठ हलत नाहीत, श्वासच देवाचं नाव घेतो. आत जाताना सो, बाहेर येताना हं. मोठमोठ्या साधकांना जन्म जातो तरी मिळत नाही असं ते म्हणाले होते. माझ्या पोरीला चौथ्या दिवशी मिळाला.

अंगावर काटा आला तो अजून गेला नाही.

२० डिसेंबर, शनिवार

खात्री केली. झोपेतही चालू आहे. झोप म्हणजे आपली तिची, भिंतीला टेकून. मी पाठीला कान लावला. दोन सूर आहेत, आत जाताना एक, बाहेर येताना दुसरा. सो आणि हं, अगदी स्वच्छ.

यांना बोलावून ऐकवलं. हे थोडा वेळ कान लावून बसले आणि म्हणाले, भात्याला भोक पडलेली पेटी अशी वाजते. यांना गाण्याचा कान नव्हताच. लग्नात बँडवाल्यांनाही चुकीच्या जागी पैसे दिले होते.

पण डॉक्टरांकडं जाऊ या असंही म्हणाले. मी म्हटलं, धनुर्मास संपू दे. मधेच नेम मोडून कुठं जाणार? संक्रांतीनंतर नेऊ आणि त्यांनाच दाखवू.

२२ डिसेंबर, सोमवार

सांगायचं नव्हतं. पण गुरम्माला सांगितलं, आणि तिनं पलीकडच्या चंद्रव्वाला सांगितलं. पहाटे दोघी आल्या. चंद्रव्वानं नारळ आणला होता. मी नको म्हटलं, पण आणलेला नारळ परत कसा करायचा?

दोघी चंद्रिकेसमोर बसल्या. आवाज सुरूच होता. चंद्रव्वानं हात जोडले. चंद्रिकेच्या डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून ओघळलं, तिनं पुसलंही नाही. आनंदाश्रू असेच असतात, पुसायचं भान राहत नाही.

गुरम्माचं मात्र लक्ष भलतीकडं. निघताना म्हणाली, हिच्या गळ्यापाशी, इथं, दर श्वासाला खड्डा पडतोय बघ. मी म्हटलं, प्राणायाम. म्हणाली, असेल की. पण नारळ फोडल्यावर खोबरं घ्यायला थांबली नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मठातले नवे अय्या भिक्षेला आले. तरुण आहेत, वर्षच झालं असेल दीक्षा होऊन. मी चंद्रिकेला समोर बसवलं आणि म्हटलं, ऐका. ते उभ्यानंच ऐकत होते. मग खाली बसले. पोरगी जेवते का विचारलं. मी खरं ते सांगितलं, खिचडी अर्धी टाकते, घास गिळायला वेळ लावते, साधनेत भूक कमी होतेच. त्यांनी झोळी खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले,

“अक्का, देवाचं नाव घेताना माणसाला धाप लागत नाही की. आजच डॉक्टरला दाखवा हिला.”

मोठे महाराज असते तर त्यांना कळलं असतं. हे अजून शिकतायत. मी पीठ वाढलं, जरा कमीच वाढलं. गेल्यावर चंद्रिका दाराकडं बघत होती बराच वेळ.

२९ डिसेंबर, सोमवार

शाळेतून फोन. चंद्रिका जिन्यात बसून राहिली, वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. वर्गबाई विचारत होत्या हिच्याकडं पंप नाही का, जानेवारीत प्रॅक्टिकल आहेत. मी त्यांना नेमाबद्दल सांगितलं. बाई दोनदा ‘काय?’ म्हणाल्या. फोन नीट लागत नाही असं समजून मी ठेवून दिला.

संध्याकाळी चंद्रिका म्हणाली, अव्वा, निळा पंप, दप्तरात, ठेवू दे. असं तुकड्यातुकड्यात. मी समजावलं की देव्हाऱ्यातली वस्तू शाळेत न्यायची नाही, तिथं पोरी डब्यात अंडी आणतात. तिनं वाद घातला नाही. पूर्वीची चंद्रिका असती तर दार आपटलं असतं. साधनेनं राग जातो.

२ जानेवारी, शुक्रवार

वर्षाची सुरुवात वाईट.

पहाटे उठले तर देव्हाऱ्याचा पडदा बाजूला आणि चंद्रिका त्यापुढं उकिडवी, बिनआंघोळीची, पारोशी, निळा पंप तोंडात. नंदी समोर. तिनं पंप खाली ठेवला आणि म्हणाली, दम लागलालाय, अव्वा. म्हणजे आंघोळीपुरताही धीर नाही.

पंपांची शुद्धी केली. दोन्ही धुऊन, पुसून, गोमूत्र शिंपडलं, मग तीन बोटं विभूती ओढली. तोंडाच्या बाजूलाही लावली, कारण बिनआंघोळीचा स्पर्श तिथंच झाला होता. नंदीमागं ठेवले आणि देव्हाऱ्याला कुलूप घातलं. ट्रंकेचं जुनं, छोटंसं. किल्ली माझ्या कमरेला, बाकीच्या किल्ल्यांमध्ये.

तिच्या भल्यासाठी. आणि आज जप नेहमीपेक्षा बारीक येत होता, बिनआंघोळीचं असं बाधतं.

६ जानेवारी, मंगळवार

हे सकाळी सरळ म्हणाले, पोरीला आज दवाखान्यात नेतो. मी म्हटलं न्या की, पण संक्रांत आठवड्यावर आली, नेम मोडल्याचं पाप कुणाच्या माथी? दुकानात सिद्धेश्वराच्या यात्रेचा माल यायचा होता. म्हणाले, मग भोगी झाली की त्याच दिवशी, ऐकणार नाही मी. मी हो म्हटलं. भोगीच्या पहाटे नेम पुरा होतोच. दोघांचंही राहिलं.

८ जानेवारी, गुरुवार

गुरम्मा चार दिवस आलेली नाही. आज चंद्रव्वा आली आणि सुचवलं, भोगीच्या पहाटे पेठेतल्या बायकांना बोलाव. धनुर्मासाची समाप्ती आणि अजपाजपाचं श्रवण एकदमच. मला हे सुचलं कसं नाही! बाजरीची भाकरी, तीळ लावून, मिसळीची भाजी, खिचडी, वाटीभर लोणी. येणाऱ्या बायका आपापली ताटं आणणार. खर्च माझ्याकडं सरपणाचा आणि धुनीचा तेवढा.

नियोजन: धुनी दुप्पट. बसायला ट्रंकेतल्या जुन्या चादरी काढायच्या. आजेसासूंच्या वेळच्या आहेत, जाडजूड, सोलापुरी खऱ्या. बारा वर्षं बाहेर निघाल्या नाहीत.

चंद्रिकेला सांगितलं. तिनं विचारलं, किती बायका. मी म्हटलं, येतील तेवढ्या.

११ जानेवारी, रविवार

चादरी झटकल्या. गच्चीला पायऱ्या फार, म्हणून मधल्या खोलीतच. कवडशात कापसाची भुरी तरंगत होती, बघायला छान वाटलं. चंद्रिका त्याच खोलीत पाट घेऊन अभ्यासाला बसलेली.

दुपारपासून जप वाढला. पाठीला कान लावायची गरज नाही, स्वयंपाकघरात ऐकू येतो. भाकरी थापताना थांबून ऐकलं. मोठ्या कार्यक्रमाआधी गवई गळा तापवतो तसं चाललंय.

१२ जानेवारी, सोमवार

सोमवार आणि उद्या भोगी, इतका चांगला योग नाही. रात्रीच्या जेवणाला चंद्रिकेनं ताट तसंच ठेवलं. तिला उचलून बसवावं लागलं, दोन्ही हात पाटावर टेकून, खांदे वर-खाली. यांना मी बाहेरच्या खोलीतच झोपायला लावलं, उद्या घाई आहे. हे म्हणाले, उजाडलं की मी हिला घेऊन जाणार, बायका असोत की नसोत. मी म्हटलं, उजाडल्यावर जा.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी, पहाटे, स्वयंपाकघरात उभ्यानं

अकरा बायका आल्या. चादरी पुरल्या. धुनी छान पेटली, पलीकडच्या भिंतीजवळचं माणूस दिसत नाही.

मघाशी सगळ्या गप्प बसून ऐकत होत्या. आवाज होता, बारीक, मग आणखी बारीक. आणि थांबला.

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी सांगितलं, घाबरू नका, मौन लागलं. प्रवचनात हेही होतं. जप थांबतो आणि नुसती शांतता उरते, ती पुढची पायरी. चंद्रिका शांत बसली आहे, मान एका बाजूला. ओठ निळे दिसतायत. नीलकंठाची खूण, चंद्रव्वा म्हणाली. गुरम्मा दारातून ओरडतेय काहीतरी, आली वाटतं. कापूर घ्यायला आत आले आहे. कापूर सापडत नाही, फळीवर ठेवला होता

१३ जानेवारी, दुपारी

दवाखाना. बाकावर. डायरी पिशवीत होती.

यांनी वरवंट्यानं देव्हाऱ्याचं कुलूप फोडलं. नंदी पडला. निळा पंप दाबला तर विभूती उडाली. पुन्हा दाबला. काही आलं नाही.

यात्रेमुळं रस्ते बंद. रिक्षा लांब उभी. हे तिला आजेसासूंच्या चादरीत गुंडाळून पळाले, मागून मी, गुरम्मा पुढं, वाट द्या म्हणत. लोकांना वाटलं नवस आहे, त्यांनी पाया पडून वाट दिली.

आत घेतलंय. काचेतून ऑक्सिजनचा मास्क दिसतो.

खर्च: नंतर लिहीन.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

बोलते. एक वाक्य सलग बोलली काल रात्री, नर्सला, पाणी हवं म्हणून.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, छातीत शिटी कधीपासून वाजत होती. मी म्हटलं, एकोणीस डिसेंबर, शुक्रवार, पहाटे. ते म्हणाले, बरोबर तारीख आठवते तुम्हाला. मी म्हटलं, लिहून ठेवते. त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग समजावून सांगितलं. शिटी वाजते तोवर बारीक वाटेनं का होईना हवा जात असते. काल सकाळी ती वाजेनाशी झाली कारण हवाच जात नव्हती. वाफ दिल्यावर शिटी पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, असं म्हणाले.

म्हणजे आवाज परत आला तेव्हा डॉक्टरांनाही आनंद झाला. हे मी यांना सांगितलं. हे उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

यांचा हात वरवंट्यानं सुजलाय. कुलूप साधंच होतं. किल्ली मागितली असती तरी दिली असती.

१७ जानेवारी, शनिवार

घरी आणलं. वाटेत सात रस्त्याच्या डॉक्टरांकडं कागद दाखवायला थांबलो. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं नाही, पण सगळं यांच्याकडं बघून बोलले. धूर बंद. चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात. नारिंगी पंप रोज, चुकवायचा नाही. निळा तिच्या हाताशी, चोवीस तास. आणि तिला झोप लागेल तेव्हा झोपू द्या, जाग येईल तेव्हा उठू द्या. काही मुलांचं घड्याळच उशिराचं असतं, तो गुन्हा नाही. जागरणामुळं श्वास बिघडतो, की श्वास बिघडलेला असतो म्हणून मूल जागतं, हे अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही. हे मी त्या दिवशीही सांगितलं होतं, म्हणाले.

मी म्हटलं, माझी चप्पल टेबलाखाली गेली होती.

कुणी हसलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

गुरम्मा रोज येते, चंद्रिकेसाठी पेज घेऊन. माझ्याशी कामापुरतं बोलते. चंद्रव्वानं दोनदा निरोप पाठवला, श्रवण परत कधी आहे, तिच्या बहिणीला मंगळवेढ्याहून यायचंय एसटीनं. मी कळवलं, तूर्त बंद.

धुनीचं सामान गुंडाळून माळ्यावर टाकलं. फेकलं नाही, गुग्गुळ महाग आहे. पूजा मी एकटीच करते, मनातल्या मनात, खिडकी उघडी ठेवून. बरं वाटत नाही, थंडी येते.

ठराव: चंद्रिकेला उठवायचं नाही. साडेचारला गजर लावून ठेवला आहे, उठवायचं नाही याची आठवण राहावी म्हणून.

२० जानेवारी, मंगळवार

गजराच्या आवाजानं सगळे उठले. यांनी गजराचं घड्याळ दुकानात नेऊन ठेवलं.

२२ जानेवारी, गुरुवार, सकाळी नऊ

चंद्रिका झोपली आहे. आडवी. कुशीवर, हात गालाखाली, लहानपणी झोपायची तशी. उशीशेजारी निळा पंप, त्याला तिनं स्वतःच्या केसांचं रबर गुंडाळून ठेवलंय.

मी सहापासून शेजारी बसले होते. नुसती बसले होते. सात वाजता तिनं डोळे उघडले, माझा कान तिच्या पाठीशी होता. म्हणाली, एका दमात म्हणाली,

“अव्वा, आता माझा श्वास ऐकत बसू नकोस.”

आणि कूस बदलून झोपली.

म्हणून मी स्वयंपाकघरात येऊन बसले आहे. दूध तापवलं नाही, भांड्यांना हात लावला नाही, नळ घट्ट केला. मधल्या खोलीतून काहीच आवाज येत नाही. आवाज नाही म्हणजे बरं आहे, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशीही काही आवाज नव्हता.